राहायला पुण्यात, पासपोर्ट अमेरिकन: टॅक्स रिटर्न भरायचं कसं

बँकेत खातं उघडायला गेलं की केवायसीच्या गठ्ठ्यात एक कागद असतो, अमेरिकेच्या एका करकायद्यासाठीचं 'फॅटका डिक्लरेशन'. तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, जन्म कोणत्या देशात झाला, असे दोन-तीन प्रश्न. शंभरातले नव्व्याण्णव लोक न वाचता 'नाही'वर खूण करून सही ठोकतात. उरलेल्या एकासाठी हा लेख आहे.

हा एक म्हणजे कोण? वीस वर्षं न्यू जर्सीत काढून, तिथलं नागरिकत्व घेऊन, आई-वडिलांसाठी कोथरूडला परतलेला इंजिनिअर. किंवा बाबा एच-१बीवर असताना तिकडे जन्मलेली, दोन वर्षांची असताना नाशिकला आलेली आणि आज इथे नोकरी करणारी मुलगी. तिला अमेरिका आठवतही नाही, पण अमेरिकेच्या दृष्टीनं ती जन्मानं नागरिक आहे आणि करदातीही. ग्रीन कार्डवालेही याच रांगेत येतात. कार्डावरची तारीख उलटली म्हणजे सुटलो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. फॉर्म आय-४०७ भरून कार्ड रीतसर परत करेपर्यंत करापुरते तुम्ही अमेरिकेचे रहिवासीच असता.

जगातले बहुतेक देश तुम्ही कुठे राहता ते पाहून कर लावतात. अमेरिका पासपोर्ट पाहून लावते, आणि या बाबतीत तिला सोबत आहे ती एरिट्रियाची. ही पद्धत तिकडच्या यादवी युद्धाच्या काळातली. १९२४ साली मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या गृहस्थानं तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि तो हरला. त्यामुळे 'मी तिथे राहत नाही, तिथे कमवत नाही, मग कर कशाचा?' हा युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

मला स्वतःला हे सगळं समजायला चार वर्षं आणि बऱ्यापैकी पैसे लागले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. भारतात पगार घेणाऱ्या माणसाला अमेरिकेत प्रत्यक्ष कर फारसा भरावा लागत नाही. जे जड जातं ते कळवणं. शून्य कर असलेला माणूसही एखादा फॉर्म न भरल्यामुळे दहा हजार डॉलरच्या दंडाला पात्र ठरू शकतो. दुसरं म्हणजे, त्रास देणारं उत्पन्न बहुधा तेच असतं, जे भारतात करमुक्त आहे.

खालचे आकडे २०२५ या वर्षाचे, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचे आहेत. ते दर वर्षी थोडे बदलतात. हिशेबासाठी डॉलर ८६ रुपयांचा धरला आहे.

आधी बघा, रिटर्न भरायचं आहे का

एकट्या माणसाचं जगभरातलं एकूण उत्पन्न १५,७५० डॉलरच्या वर असेल, तर रिटर्न लागतं. रुपयांत साधारण साडेतेरा लाख. मात्र लग्न झालेलं असेल आणि जोडीदारापासून वेगळं रिटर्न भरत असाल, तर ही मर्यादा किती आहे? ५ डॉलर! छपाईची चूक नाही, पाचच. जोडीदार भारतीय नागरिक असेल तर बहुतेक जण याच गटात येतात, त्यामुळे 'माझं उत्पन्न कमी आहे' हे कारण चालत नाही. स्वतंत्र व्यवसाय असेल तर ४०० डॉलरच्या निव्वळ नफ्यालाही रिटर्न लागतं. कॉलेजात जाणारी मुलगी फावल्या वेळात डिझाइनची कामं घेऊन वर्षाला पस्तीस हजार कमावत असेल, तर तीही यात आली.

मुख्य फॉर्म १०४०. अमेरिकेतले लोक भरतात तोच, वेगळा नाही.

तारखा

मूळ तारीख १५ एप्रिल. त्या दिवशी तुमचं घर आणि काम देशाबाहेर असेल, तर न मागता १५ जूनपर्यंत मुदत मिळते. फक्त आपण देशाबाहेर होतो असं सांगणारी एक चिठ्ठी रिटर्नला जोडायची. त्याहून वेळ हवा असेल तर फॉर्म ४८६८ भरला की १५ ऑक्टोबर, आणि परदेशात राहणाऱ्यांनी पत्र लिहून मागितली तर १५ डिसेंबरपर्यंत मुदत मिळू शकते. एक खोच आहे. कर देणं लागत असेल तर व्याज १५ एप्रिलपासूनच मोजलं जातं. मुदत कागदाला मिळते, पैशाला नाही.

आपल्याकडच्या लोकांना जूनची तारीख अडचणीची जाते. फॉर्म १६ हातात पडायलाच जूनचा मध्य उजाडतो. मी दर वर्षी मे महिन्यात ४८६८ भरून मोकळा होतो आणि भारतातलं रिटर्न झाल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निवांत बसतो. दोन्हीकडचे आकडे तेव्हाच एकमेकांशी जुळतात.

पहिलं काम: वर्ष जुळवणं

अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. म्हणजे एका फॉर्म १६वर भागत नाही. बारा पगारपत्रकं घ्या आणि जानेवारी ते डिसेंबर अशी बेरीज करा: मूळ पगार, भत्ते, बोनस, कापलेला टीडीएस, पीएफ. बँकेकडूनही त्याच बारा महिन्यांचं व्याजपत्रक मागा. शाखेत मागितलं तर एप्रिल ते मार्चचंच हातात ठेवतात, त्यामुळे तारखा लिहून द्या.

मग रुपयांचे डॉलर करायचे. वर्षभर येत राहणाऱ्या पगार-व्याजासाठी वर्षाचा सरासरी दर चालतो, तो आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावर मिळतो. एकरकमी व्यवहार, उदाहरणार्थ फ्लॅटची विक्री, त्या दिवसाच्या दरानं धरायचा. पुढे येणाऱ्या एफबारसाठी, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देण्याच्या फॉर्मसाठी, तिसराच दर लागतो, अमेरिकी ट्रेझरीचा ३१ डिसेंबरचा. एकाच माणसाच्या एकाच वर्षाला तीन दर! कोणता दर कुठे लावला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आपलंच अक्षर आपल्याला वाचवतं.

दुसरं काम: वगळायचं की क्रेडिट घ्यायचं

एकाच पगारावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन वाटा आहेत, आणि सगळा विचार इथेच करायचा असतो.

पहिली वाट फॉर्म २५५५. परदेशात कष्टानं मिळवलेलं उत्पन्न १,३०,००० डॉलरपर्यंत सरळ वगळता येतं. त्यासाठी दोनपैकी एक कसोटी पार करावी लागते. एक तर सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात असणं. पूर्ण दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, विमान अमेरिकेत उतरलं तो दिवस गेला. किंवा पूर्ण करवर्षभर इथेच खरं बिऱ्हाड असणं. पगार आणि व्यवसायाचं उत्पन्न यात बसतं. व्याज, लाभांश, भाडं, पेन्शन, शेअरचा नफा बसत नाही.

दुसरी वाट फॉर्म १११६. भारतात भरलेला आयकर अमेरिकेतल्या करातून डॉलरला डॉलर वजा करायचा, यालाच क्रेडिट म्हणतात. जास्त भरला असेल तर उरलेलं क्रेडिट एक वर्ष मागे किंवा दहा वर्षं पुढे नेता येतं. पगारासाठी एक फॉर्म आणि व्याज-भाड्यासाठी दुसरा, कारण या दोन टोपल्या एकत्र करता येत नाहीत.

आकड्यांत बघू. पुण्यात ३० लाख पगार, दुसरं काही उत्पन्न नाही, भारतात नवी करप्रणाली. वर्षांचा फरक घटकाभर बाजूला ठेवू. २०२५-२६च्या दरांनी ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन भारतातला कर उपकरासह सुमारे ४ लाख ७६ हजार होतो. अमेरिकेत तेच ३० लाख म्हणजे ३४,८८४ डॉलर. त्यातून तिथली प्रमाणित वजावट, १५,७५० डॉलर, वजा केली की उरतात १९,१३४, आणि त्यावर कर येतो साधारण २,०५८ डॉलर, म्हणजे पावणेदोन लाख रुपये. भारतात भरलेला कर त्याच्या अडीचपटीहून जास्त आहे. क्रेडिट घेतलं की अमेरिकेतला कर शून्य, वर उरलेलं क्रेडिट दहा वर्षांसाठी शिल्लक.

आता दुसरा माणूस घ्या, १२ लाख पगाराचा. नव्या प्रणालीत सवलतीमुळे भारतात त्याचा कर शून्य. कर भरलाच नाही, तर क्रेडिट कशाचं? पण त्याचे डॉलर होतात चौदा हजाराच्या आसपास, आणि ते प्रमाणित वजावटीतच विरघळतात. म्हणजे त्यालाही कर नाही. फॉर्म २५५५ खरोखर कामाला येतो तो दुबई-अबुधाबीला, जिथे पगारावर कर नाही आणि क्रेडिटही नाही. भारतात चांगला पगार असलेल्यानं माझ्या मते क्रेडिटचीच वाट धरावी. सल्लागार मात्र सवयीनं २५५५ भरून देतात, कारण तो सोपा आहे.

सोपं म्हणून नुकसान कसं होतं, ते सांगतो. तुमच्या सतरा वर्षांखालच्या मुलाकडे अमेरिकन नागरिकत्व आणि सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधले १,७०० डॉलरपर्यंत रोख परत मिळू शकतात. कर शून्य असला तरी. पण त्या वर्षी २५५५ भरला असेल, तर हा परतावा मिळत नाही. दोन मुलं असतील तर ३,४०० डॉलर, म्हणजे जवळजवळ तीन लाख रुपये. २५५५ एकदा स्वीकारून नंतर सोडला, तर आयआरएसच्या परवानगीशिवाय पुढची पाच वर्षं परत त्या वाटेनं जाता येत नाही, हेही बदलण्याआधी ध्यानात घ्या. आणि जे उत्पन्न वगळलं, त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

क्रेडिट घेताना कर 'भरला तेव्हा' धरायचा की 'देय झाला तेव्हा', हेही ठरवावं लागतं. दुसरी पद्धत निवडली तर ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचा पूर्ण कर त्या कॅलेंडर वर्षात येतो, म्हणजे भारतातल्या रिटर्नचा आकडा थेट उचलता येतो. टीडीएसची महिनावार विभागणी करत बसावं लागत नाही. मात्र ही निवड एकदा केली की कायमची.

तिसरं काम: इथलं 'करमुक्त' तपासणं

इथे घोडं पेंड खातं. भारतात करमुक्त आहे म्हणून आपण ज्याकडे बघतही नाही, ते अमेरिकेला दिसतं. आणि इथे कर नसल्यामुळे वजा करायला क्रेडिटही नसतं.

पीपीएफचं व्याज दर वर्षी अमेरिकेत उत्पन्न म्हणून दाखवायचं, पैसे पंधरा वर्षं अडकलेले असले तरी. पीएफच्या बाबतीत सावध पद्धत अशी की, मालकानं भरलेला हिस्सा त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरायचा. वारसानं आलेल्या शेतीचं उत्पन्न इथे करमुक्त आहे, तिथे नाही. घरभाड्यावर इथे सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तिथे ती चालत नाही. तिथे खरा खर्च आणि घसारा धरायचा, आणि २०१७ नंतर भाड्यानं द्यायला सुरुवात केलेल्या परदेशी घराचा घसारा ३० वर्षांवर पसरायचा.

पण या सगळ्यांपेक्षा महाग पडतो तो म्युच्युअल फंड. भारतातला प्रत्येक म्युच्युअल फंड अमेरिकेच्या व्याख्येत 'पीएफआयसी', म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी ठरतो. दर फंडाला दर वर्षी वेगळा फॉर्म ८६२१. नुसता फॉर्म असता तरी चाललं असतं. आधी काही न निवडता फंड विकला, तर झालेला नफा तुम्ही तो ठेवलेल्या सगळ्या वर्षांवर वाटला जातो. मागच्या वर्षांच्या वाट्यावर त्या त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर, सध्या ३७ टक्के, आणि वर इतक्या वर्षांचं व्याज. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा सवलतीचा दर नाही. आणि एसआयपी असेल तर? प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी. सात वर्षांची एसआयपी म्हणजे ८४ वेगळे हिशेब.

मी परतलो त्या वर्षी एका बँकेतल्या हसतमुख तरुणानं मला तीन एसआयपी सुरू करून दिल्या होत्या. माझ्या फॅटकाच्या कागदावर 'हो' लिहिलेलं त्यानं पाहिलं होतं, त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. तीन फंडांच्या नफ्यापेक्षा ते आवरायची फी जास्त झाली.

यातून वाट काढायची तर पहिल्याच वर्षी 'मार्क टू मार्केट' हा पर्याय निवडता येतो. दर ३१ डिसेंबरला वाढलेल्या किमतीवर नेहमीच्या दरानं कर भरायचा आणि तो विषय तिथे संपवायचा. सगळ्या फंडांची मिळून किंमत वर्षअखेरीस २५,००० डॉलरच्या आत असेल, काही विकलं नसेल आणि मोठं वाटप आलं नसेल, तर फॉर्ममधून सूट आहे. पण सर्वांत सोपा उपाय म्हणजे फंड घेऊच नका. टाटा, इन्फोसिससारख्या चालत्या कंपन्यांचे शेअर थेट घेतले तर हे झेंगट नसतं. किंवा अमेरिकेतल्या ब्रोकरकडे असलेलं जुनं खातं तसंच चालू ठेवा.

घर विकताना मात्र कधी कधी उलटं, आपल्या बाजूनं घडतं. समजा ४५ लाखांचा फ्लॅट डॉलर ४५ रुपये असताना घेतला, म्हणजे एक लाख डॉलर. तो आज १ कोटी २९ लाखांना गेला, म्हणजे दीड लाख डॉलर. रुपयांत नफा ८४ लाख, डॉलरमध्ये फक्त ५० हजार. राहतं घर असेल आणि शेवटच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तिथे राहिला असाल, तर अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा अमेरिकेत माफ आहे. पण त्याच घरावर रुपयांत कर्ज असेल, तर पडलेल्या रुपयात कर्ज फेडल्याचा 'चलन नफा' अमेरिका वेगळा मोजते आणि त्यावर कर लावते. हे वाचून हसू येईल, पण नियम तसाच आहे.

चौथं काम: एफबार

रिटर्न भरायची गरज नसलेल्यालाही हा लागू शकतो. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर फिनसेन फॉर्म ११४, तोच एफबार, भरायचा. ८ लाख ६० हजार रुपये. एका खात्याची नाही, सगळ्यांची मिळून. आणि बेरीज नऊ लाख झाली की तीन हजार रुपयांचं खातंसुद्धा लिहायचं.

खाती म्हणजे बचत, एफडी, पीपीएफ, डीमॅट, म्युच्युअल फंड, सरेंडर व्हॅल्यू असलेली एलआयसी पॉलिसी आणि गावच्या पतसंस्थेतली ठेवही. लोक विसरतात ते दुसऱ्यांच्या पैशांचं. सांगलीला आईच्या खात्यावर सोयीसाठी दुसरं नाव तुमचं असेल, तर त्या खात्याची पूर्ण रक्कम तुमच्या एफबारमध्ये येते. सोसायटीचे खजिनदार म्हणून चेकवर सही करायचा अधिकार असेल, तर तेही खातं. थेट नावावरचा फ्लॅट, जमीन आणि घरातलं सोनं मात्र यात येत नाही.

कर लागत नाही, नुसती माहिती द्यायची. आयआरएसच्या रिटर्नबरोबर नाही, बीएसए ई-फायलिंग या वेगळ्या संकेतस्थळावर, फुकट. तारीख १५ एप्रिल, आणि आपोआप १५ ऑक्टोबर. प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वोच्च रक्कम लिहायची.

न भरल्यास? चूक अजाणतेपणी झाली असेल तर एका वर्षाच्या फॉर्ममागे कायद्यातल्या मूळ आकड्याप्रमाणे १०,००० डॉलरपर्यंत, आणि महागाईनुसार तो वाढत जातो. पूर्वी आयआरएस हा दंड खात्यामागे लावत होती. २०२३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं बिटनर खटल्यात 'खात्यामागे नाही, फॉर्ममागे' असा निकाल दिला. जाणूनबुजून लपवलं असेल तर मात्र शिलकीच्या निम्म्यापर्यंतही दंड जाऊ शकतो.

याच्याच जोडीला रिटर्नमध्ये फॉर्म ८९३८ असतो. परदेशात राहणाऱ्या एकट्याच्या आर्थिक मालमत्ता वर्षाच्या शेवटच्या दिवशी २ लाख डॉलर किंवा मध्येच कधी ३ लाख डॉलर ओलांडत असतील तर. जोडीनं रिटर्न भरणाऱ्यांना दुप्पट मर्यादा. एफबार भरला म्हणून हा टळत नाही, हा भरला म्हणून एफबार टळत नाही.

'त्यांना कसं कळणार?' हा प्रश्न दर वेळी येतोच. भारत आणि अमेरिका यांनी ९ जुलै २०१५ रोजी फॅटकाचा करार केला. तेव्हापासून अमेरिकन ग्राहकांच्या खात्यांची माहिती भारतातल्या बँका सरकारमार्फत तिकडे पाठवतात. सुरुवातीचा तो केवायसीचा कागद त्यासाठीच असतो.

जोडीदार आणि मुलं

भारतीय जोडीदाराला तुमच्या रिटर्नमध्ये आणायची सक्ती नाही. आणायचं ठरवलं तर वजावट दुप्पट होते, पण त्याचं किंवा तिचं जगभरातलं उत्पन्नही अमेरिकेच्या जाळ्यात येतं, वर आयटीआयएन हा तिथला करदाता क्रमांक काढावा लागतो. जोडीदाराकडे स्वतःची मालमत्ता, फंड, वडिलोपार्जित जमीन असेल तर त्याला बाहेरच राहू द्या. अमेरिकन मूल तुमच्यासोबत राहत असेल, तर 'हेड ऑफ हाउसहोल्ड', म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून भरता येतं का, तेही तपासा. त्यात वजावट वेगळं भरणाऱ्यापेक्षा बरीच जास्त आहे.

मुलं विसरली जातात. आजीनं नातवाच्या नावावर एफडी ठेवली, नातू अमेरिकन. २०२५ साली अवलंबून असलेल्या मुलाचं व्याज १,३५० डॉलर, म्हणजे साधारण १ लाख १६ हजार रुपये, याच्या वर गेलं तर त्याचं स्वतंत्र रिटर्न लागतं. सात टक्क्यांनी साडेसोळा लाखांच्या ठेवीवर एवढं व्याज होतं. एफबार तर त्याआधीच लागतो, आणि लहान मुलाच्या वतीनं सही आई किंवा वडिलांची.

स्वतःचा धंदा असेल तर

फ्रीलान्सर, डॉक्टर, वकील, क्लास चालवणारे यांनी हे नीट वाचा. अमेरिकेचा स्वयंरोजगार कर १५.३ टक्के आहे. फॉर्म २५५५ त्याला हात लावू शकत नाही आणि फॉर्म १११६ही नाही. ब्रिटन, जर्मनी अशा देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्यामुळे तिथले लोक सुटतात. भारताशी असा करार नाही. पुण्यात बसून पुण्याच्याच गिऱ्हाइकांसाठी काम करणारा अमेरिकन नागरिक त्यामुळे हा कर भरतो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून पगार घेतला तर यातून सुटका आहे, पण मग कंपनीत १० टक्के किंवा जास्त वाटा असल्याबद्दल फॉर्म ५४७१ येतो. तो न भरल्यास वर्षाला १०,००० डॉलर दंड. भावाच्या कंपनीत कागदोपत्री नाव लावून ठेवलं असेल, तरी. अशा वेळी स्वतः फॉर्म भरायच्या फंदात पडू नका. नेहमीच्या सीएकडेही जाऊ नका. ते इथल्या कायद्यात कितीही पक्के असले, तरी हा त्यांचा प्रांत नाही. अमेरिकेचा परवाना असलेला सीपीए किंवा एनरोल्ड एजंट गाठा, आणि त्याला पहिला प्रश्न विचारा: आजवर किती ८६२१ भरलेत?

वडिलांनी पैसे दिले तर

अमेरिकन नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट किंवा वारसा मिळाला तर फॉर्म ३५२०. वडिलांनी नव्वद लाखांचा फ्लॅट नावावर केला, की झालं. कर शून्य. पण फॉर्म उशिरा गेला तर भेटीच्या रकमेच्या दरमहा ५ टक्के, कमाल २५ टक्के दंडाची तरतूद आहे. शून्य कराच्या व्यवहारावर पाव मालमत्ता! टीका वाढल्यावर २०२४ मध्ये आयआरएसनं हा दंड आपोआप ठोठावणं थांबवून, आधी उशिराचं कारण वाचू असं जाहीर केलं. तरीही तारीख चुकवू नका. हा फॉर्म रिटर्नपासून वेगळा, टपालानं जातो.

इतकी वर्षं भरलंच नसेल तर

घाबरून मागच्या दहा वर्षांची रिटर्नं एका रात्रीत पाठवू नका. आणि 'आता या वर्षापासून गुपचूप सुरू करू' असंही नको. रिटर्न भरलेलंच नसेल तर त्या वर्षाची तपासणीची मुदत कधीच संपत नाही.

यासाठी 'स्ट्रीमलाइन्ड फॉरेन ऑफशोअर' ही योजना आहे. मागची ३ वर्षांची रिटर्नं, ६ वर्षांचे एफबार आणि फॉर्म १४६५३. देय कर आणि व्याज भरायचं, दंड माफ. अट दोन गोष्टींची. त्या तीनपैकी किमान एका वर्षी ३३० दिवस अमेरिकेबाहेर असणं आणि तिथे घर नसणं, आणि चूक मुद्दाम केलेली नसणं. आयआरएसनं आधीच तपासणी सुरू केली असेल, तर हे दार बंद.

१४६५३ मध्ये स्वतःची गोष्ट लिहायची असते, आणि तिथेच लोक चुकतात. 'मला नियम माहीत नव्हता' एवढ्यावर भागत नाही. कधी परत आलात, रिटर्न भरणं कुणाच्या सांगण्यावरून थांबवलं, खाती कधी आणि का उघडली, नियम पहिल्यांदा कधी आणि कुणाकडून कळला, त्यानंतर काय केलं, हे सगळं तारखांसह. तुमच्या विरोधात जाणारी गोष्ट असेल तर तीही. बँकेच्या फॅटका कागदावर 'नाही' लिहून ठेवलं असेल, तर ही गोष्ट लिहिण्याआधी वकिलाशी बोला.

मोठी थकबाकी साचू दिली तर पासपोर्टही अडतो. २०२५ साली ही मर्यादा दंड-व्याजासह ६४,००० डॉलर होती.

निवृत्तांसाठी थोडं

सोशल सिक्युरिटीची पेन्शन घेऊन पुण्यात राहणारी मराठी जोडपी आता बरीच आहेत. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमेरिका करारानुसार त्या पेन्शनवर फक्त अमेरिका कर लावू शकते, भारत नाही. ४०१-के, म्हणजे तिथल्या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातले पैसे मात्र इथल्या रिटर्नमध्येही दाखवावे लागतात. जुन्या आयकर कायद्यातल्या कलम ८९एखाली फॉर्म १०-ईई भरून, भारतातला कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलता येत होता. इथले रहिवासी झालात की भारतीय रिटर्नमध्ये अमेरिकेतल्या खात्यांचा परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरायचा असतो. म्हणजे दोन्ही सरकारांना दोन्हीकडची खाती सांगायची.

पाठवण्याआधी

निघताना कोणत्या राज्यातून निघालात ते तपासा. कॅलिफोर्नियासारखं राज्य तुम्हाला सहजासहजी सोडत नाही, आणि फॉर्म २५५५ची सूटही मानत नाही. तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, भाड्यानं ठेवलेली खोली, यांचा निकाल लावून मगच विमानात बसावं. अमेरिकेतलं एक बँक खातं मात्र जिवंत ठेवा. परतावा थेट अमेरिकन खात्यातच जमा होतो, आणि कर भरायलाही तेच सोयीचं पडतं.

एफबारची पावती आणि त्यामागची बँकेची पत्रकं ५ वर्षं जपून ठेवायची असतात. फ्लॅटच्या खरेदीखतावर त्या दिवसाचा डॉलरचा दर पेन्सिलनं लिहून ठेवा. घर विकाल तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीचा तो आकडा शोधत बसावं लागणार नाही.